डाव्या दारावरचा पोचा

आमच्या यांनी नोकरीभर एकच काम केलं, लोकांवर विश्वास न ठेवण्याचं. त्याचा यांना पगार मिळायचा आणि अधूनमधून बढतीही. विमा कंपनीत हे अपघाती गाड्यांचे सर्व्हेअर होते. कुणाची गाडी ठोकली गेली की हे जाऊन बघायचे, पोच्यावरून बोटं फिरवायचे आणि सांगायचे की गाडी झाडावर आदळली म्हणणारा हा माणूस थापा मारतोय, गाडी त्याच्याच फाटकाला घासलीय आणि तीही गेल्या महिन्यात. ऑफिसात यांना शंकासुर म्हणायचे. ते यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. माझ्यासमोरही दिवसभर खोटं बोलणारेच बसायचे. कुणी दुखत नाही म्हणायचं, कुणी रोज दोनदा घासतो म्हणायचं. मी त्यांना पाणी विचारायचे आणि नंबर आला की आत सोडायचे. आत खुर्चीत बसल्यावर तोंड उघडावं लागतंच, मग बाहेर कशाला कुणाला पकडायचं? आम्हा दोघांत फरक म्हणाल तर एवढाच, पण भांडणाला तो संसारभर पुरला.

तर गाडी विकायचं का ठरलं, ते आधी सांगते. यांना काचबिंदू निघाला. समोरचं सगळं लख्ख दिसायचं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा, पण कडेचं गेलं होतं आणि त्यातही डावीकडचं जास्त. बरं, गेलेल्या जागी काळोख दिसतो असंही नाही. तिथे काही नाहीच असं वाटतं, त्यामुळे ज्याचं जातं त्याला पत्ता नसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना एका यंत्रापुढे बसवलं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून समोर बघत राहायचं, कडेकडेला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. हे बाहेर आले ते छाती काढूनच. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले की हा निकाल धरता येणार नाही. यंत्र मधूनमधून नुसताच आवाज करतं, दिवा लावतच नाही, आणि यांनी तेव्हाही बटण दाबलं होतं. बरेचदा.

दुसऱ्या कुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. यांना कौतुक वाटलं, तेही यंत्राचं. घरी येईपर्यंत तोच विषय.

"ही तर माझीच पद्धत," म्हणाले. "जी गोष्ट नाहीच, ती विचारायची. खरा माणूस गोंधळतो. खोटा लगेच हो म्हणतो."

या परीक्षेत आपण हो म्हणणाऱ्यांत निघालो, हे यांच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी आपलं बोट यांच्या डाव्या कानाकडून हळूहळू पुढे आणलं होतं. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा हे म्हणाले, दिसलं. मी कोपऱ्यात बसून बघत होते. दवाखान्यात आम्ही गाडीनेच आलो होतो आणि गाडी यांनीच चालवली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाडी चालवणं आजपासून बंद. यांनी मान डोलावली. म्हणाले, विकूनच टाकतो.

मी सुटकेचा श्वास टाकला, तो जरा लवकरच टाकला. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हे चावी घेऊन निघाले. विकेपर्यंत गाडी रोज फिरवायला हवी म्हणे. उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर बसतात आणि बसलेल्या गाडीला भाव येत नाही. मी मुलीला फोन लावून दिला, ती परगावी असते, तिनेही बापाला चार शब्द सुनावले. यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि फोन ठेवून चावी उचलली. मग मीही चपला घातल्या. काय करणार? तेव्हापासून रोज सकाळी मी यांच्या डावीकडे बसायचे आणि रस्ताभर सांगत राहायचे. डावीकडे सायकल. डावीकडे बाई, हातात पिशवी. डावीकडे कुत्रं, थांबलंय, नाही, निघालं. हे म्हणायचे, दिसतंय गं मला. मी म्हणायचे, दिसतंय तर तिकडे वळताय कशाला?

गाडी लवकर विकली जाणं, एवढंच मला हवं होतं. भाव गेला खड्ड्यात. कुणाच्या तरी पोराच्या अंगावर गाडी जायच्या आत ती या घरातून जायला हवी होती.

मुलीने जुन्या गाड्यांच्या एका साइटवर जाहिरात टाकायची कशी ते फोनवरून शिकवलं. जाहिरात यांनी स्वतः लिहिली. गाडीचा प्रत्येक ओरखडा, कुठल्या सीटची शिवण उसवलीय, काच खाली घेताना कसा आवाज होतो, सगळं. वाचणाऱ्याला वाटावं की गाडीवर कुणीतरी फिर्याद केलीय. नंबरप्लेट फोटोत झाकली, घराचा पत्ता दिला नाही, फोनसाठी वेगळं सिमकार्ड घेतलं. इथपर्यंत मी काही बोलले नाही, कारण यात चुकीचं काही नव्हतं.

आणि फसवणारे खरोखरच आले. ते आलेच नाहीत असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. पहिल्याने गाडी न बघताच विकत घेतली. आपण समुद्रावर जहाजात नोकरीला आहोत, फोनवर नीट बोलता येत नाही, किमतीपेक्षा जास्त पैसे पाठवतो, वरचे तेवढे आमच्या माल वाहून नेणाऱ्याला परत पाठवा, असं त्याने कळवलं. यांनी त्याला विचारलं की जहाजावर गाडी कुठे चालवणार. दुसऱ्याने एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला की हा स्कॅन करून तुमचा पिन टाका, लगेच पैसे जमा होतील. यांनी त्याला खुर्ची ओढून घेऊन समजावलं की पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, आणि तू या धंद्यात नवीन दिसतोस. तिसऱ्याने पैसे जमा झाल्याचा मेसेज आमच्याच बँकेच्या नावाने पाठवला. यांनी बँकेत जाऊन खातं तपासलं, तिथे शून्य. चौथ्याला गाडी एकट्यानेच चालवून बघायची होती, आणि ओळखपत्र म्हणे घरी राहिलं होतं.

चौघांनाही यांनी धूळ चारली. रंगच पालटला यांचा. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी यांना रोज उठून फसवायला येत होतं. दाढी वेळेवर व्हायला लागली, जेवण जायला लागलं. फोन वाजला की हे दोन वेळा वाजू द्यायचे आणि मग असे उचलायचे, जणू साहेबांच्या केबिनचं दार उघडतंय.

पण फोन करणारे सगळेच लबाड नव्हते, आणि माझं दुखणं तेच होतं. साधी, सरळ माणसंही फोन करायची. त्यांच्यासाठी यांनी तो नोकरीतला जुना सापळा बाहेर काढला होता. दोन मिनिटं गोड बोलायचं आणि मग सहज विचारायचं, "फोटोत डाव्या मागच्या दारावरचा पोचा दिसला ना तुम्हाला?"

डाव्या मागच्या दारावर पोचा नव्हताच. ते दार गुळगुळीत होतं.

आता मला सांगा, भला माणूस यावर काय म्हणेल? त्याला वाटणार, आपण फोटो नीट बघितले नाहीत. समोर वयस्कर गृहस्थ आहेत, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला त्यांचं मन मोडा? तो म्हणायचा, हो हो, दिसला, त्याचं काही नाही. की झालं. हे वाटाण्याच्या अक्षता लावून फोन ठेवायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे, अजून एक सापडला. एक मास्तर गेले, एक नवीन लग्न झालेलं जोडपं गेलं, एक औषधाचा दुकानदार गेला, तो तर बिचारा सॉरीसुद्धा म्हणाला. लबाड लोक आपल्या पायांनी जात होते आणि भले यांच्या सापळ्यात अडकत होते. गाडी तिथेच होती. रोज सकाळी आम्ही फिरायला जात होतो, डावीकडे सायकल, डावीकडे बाई.

एका सकाळी डावीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. मी ओरडले म्हणून ते वाचले, आणि वाचले तेही चार बोटांनी. हे मलाच म्हणाले की अशी ओरडत जाऊ नकोस, दचकायला होतं. घरी आल्यावर माझा बांध फुटला.

"तुम्हाला गाडी विकायचीच नाहीये," मी म्हणाले. "फसवणाऱ्यांचं नाव सांगून तुम्ही मला फसवताय."

"विकायचीय. पण योग्य माणसाला."

"असा माणूस जन्माला यायचाय अजून. आणि उद्यापासून मी तुमच्याबरोबर बसणार नाही. बघा काय करायचं ते."

माझा समज असा की मी बसले नाही तर हेही जाणार नाहीत. दोन दिवस हे खरंच गेले नाहीत. मला वाटलं, जिंकले.

त्याच दोन दिवसांत पडदेवालीचा फोन आला. ही बाई घरोघर जाऊन पडद्यांची मापं घ्यायची आणि घरी शिवून बसवून द्यायची. कापडाचे ताके आणि लांब दांड्या रिक्षात मावत नाहीत, म्हणून तिला मागे ऐसपैस जागा असलेली गाडी हवी होती. यांनी दोन मिनिटं गोड बोलून ठरलेला प्रश्न टाकला.

ती म्हणाली, "नाही हो, मला नाही दिसला. फोटो एवढासा आहे. आल्यावर बघते ना."

यांनी फोन ठेवला तेव्हा यांचा चेहरा असा होता, जणू घरातली पोर बोर्डात पहिली आली. ताबडतोब तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावलं, घरचा पत्ता देऊन. मी मनात म्हटलं, ही बाई गाडी घेऊन गेली तर तिच्या पायावर डोकं ठेवीन.

दुसऱ्या दिवशी यांनी सकाळी गाडी पुसून काढली. दुपारी मी आडवी झाले होते. हे म्हणाले, टायरमध्ये हवा कमी वाटतेय, कोपऱ्यावरून भरून आणतो, गिऱ्हाइकासमोर बसके टायर बरे नाही दिसत. मी उठेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती. ती परत येईपर्यंत मी खिडकीत उभी होते. तसं बघितलं तर फार वेळ लागला नाही. गाडी आली, नेहमीसारखी डावी बाजू भिंतीला चिकटवून लावली. येणाऱ्याजाणाऱ्याने ओरखडा काढू नये म्हणून ही यांची जुनी सवय. मी विचारलं, काही झालं का? हे म्हणाले, काय व्हायचंय? आणि हे खरंच बोलत होते, यांच्या बाजूने.

पडदेवाली वेळेवर आली. चाळिशीची, चपळ, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. बसताबसता तिने आमच्या पडद्यांकडे बघितलं आणि सांगितलं की डावीकडची पट्टी दोन बोटं वर गेलीय. यांनी पडद्याकडे बघितलं, यांना काही वाटलं नाही. मग कागद झाले, इंजिनाचं झालं, टायरचं झालं. मी पाणी आणलं. सगळं सुरळीत चाललंय म्हणताना यांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. तोच प्रश्न दोन वेगळ्या दिवशी विचारायचा, खऱ्याचं उत्तर बदलत नाही, ही यांच्या पद्धतीची दुसरी पायरी.

"तो डाव्या मागच्या दारावरचा पोचा... बघितलात?"

"हो," ती म्हणाली. "आत्ता येताना बघितला. तुम्ही फोनवर सांगितलं होतंत म्हणून मुद्दाम भिंतीच्या बाजूने आत शिरले. कपडे खराब झाले, पण बघितला."

हे खुर्चीत मागे रेलले. यांचं ते हसू मी ओळखते. समोरचा खड्ड्यात पडला की हे असे हसतात. माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. गेली, ही पण गेली.

"बाई," हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्या दारावर पोचा नाही. कधीच नव्हता."

आणि मग यांनी तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. न झालेली गोष्ट कशी विचारायची, खरा कसा गोंधळतो, खोटा कसा हो म्हणतो. फोनवर तुम्ही पास झाला होतात, म्हणाले, पण घरी आल्यावर घाई केलीत. पडदेवाली आधी गोंधळली, मग तिचा चेहरा पडला, आणि मग तिला राग आला. ती ताडकन उठली.

"मी डोळ्यांनी बघितलंय," ती म्हणाली. "मापं घेऊन पोट भरते मी. चला खाली."

"चला," हे म्हणाले. यांना तेच हवं होतं. जुनी टॉर्चसुद्धा घेतली बरोबर, उजेड असताना.

खाली आलो. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस जेमतेम तिरका जाईल एवढीच फट. यांचं पोट काही तिथे शिरलं नाही. मग यांनी मला आत पाठवलं. मी भिंतीला पाठ घासत गेले, मागच्या दाराशी पोचले आणि बघितलं.

"सांग तिला," हे बाहेरून म्हणाले. "काय आहे तिथे?"

इतके दिवस मी यांना डावीकडचं सांगत आले होते. पण या वेळी मी आधी हात लावून खात्री केली.

"अगं, सांग ना. काय आहे?"

"पोचा आहे," मी म्हणाले.

यांना वाटलं, मी त्या बाईला सामील झाले. यांनी तरातरा जाऊन दार उघडलं, गाडी हातभर पुढे काढून भिंतीपासून सोडवली आणि वळसा घालून आले. आणि उभेच राहिले. पांढऱ्या दारावर चांगला हातभर लांब पोचा होता, आणि त्यात निळ्या रंगाचा पट्टा.

मग यांनी जे केलं ते यांच्याही लक्षात आलं नसावं. हे गुडघे मोडून खाली बसले, टॉर्च तिरकी धरली आणि पोच्यावरून बोटं फिरवत बोलायला लागले, ऑफिसातल्या आवाजात, जणू शेजारी कारकून लिहून घ्यायला उभा आहे.

"गुडघ्याच्या उंचीवर. वस्तू गोल, पाइप असावा. रंग निळा, ऑइलपेंट, ताजा. रेघ सरळ मागे गेलीय, वरखाली नाही, म्हणजे वस्तू जागेवर स्थिर होती. गाडी चालती होती. सुरुवातीला घासलंय कमी, पुढे दाब वाढलाय. म्हणजे ब्रेक लावलेला नाही. गाडी बाजूला घेण्याचाही प्रयत्न नाही. चालकाच्या लक्षात..."

इथे हे थांबले. पडदेवालीने माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघत होते.

"चालकाच्या लक्षात आलेलं नाही," यांनी वाक्य पुरं केलं. मग टॉर्च विझवली.

निळा पाइप कुठे आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हवा भरायच्या दुकानाच्या अलीकडे शाळा आहे, आणि शाळेसमोर फुटपाथच्या कडेला निळा कठडा. सुटल्यावर मुलं त्या कठड्याला टेकून रस्ता ओलांडायची वाट बघतात. हे उठले आणि चालायलाच लागले, गाडीकडे न बघता. मी मागून गेले, आणि पडदेवालीही आली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

कठडा एका जागी आत दबला होता आणि त्याच्या रंगाचे पापुद्रे निघाले होते. मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई आपला गोल फलक घेऊन घरी निघायच्या बेतात होती. यांनी तिला विचारलं की हे कसं झालं. ती जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

"काय सांगू काका? आज दुपारचीच गोष्ट. पांढरी गाडी होती. मी शिट्टी फुंकून फुंकून दमले, पण काचा बंद, आत रेडिओ मोठ्याने, त्या माणसाने वळून म्हणून बघितलं नाही. निघून गेला सरळ."

"मुलं?" यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मुलं इथंच असतात की रोज, या कठड्याला लोंबकळत. आज आत कसली तरी तालीम होती, उशिरा सोडली. म्हणून." तिने पुढचं हातानेच सांगितलं.

मी तोच कठडा धरला. मला यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम, आणि दोन्हीपैकी काहीच करता येईना. हे त्या बाईसमोर सरळ उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. सूर्य डोळ्यांवर होता, कठडाच पुढे आलाय, काहीतरी. आयुष्यभर लोकांच्या सबबी ऐकलेल्या माणसाजवळ सबबी कमी नसणार.

"ती गाडी माझी," हे म्हणाले. "मीच चालवत होतो. मला डावीकडचं दिसत नाही."

हे वाक्य यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांपुढे नाही, मुलीपुढे नाही, माझ्यापुढे तर नाहीच नाही, आणि म्हणाले ते एका शिट्टीवाल्या बाईपुढे.

तिने यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग चालवता कशाला?" तिने विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे शाळेत मोठ्या बाईंना जाऊन भेटले, सगळं कबूल केलं आणि कठडा आपल्या खर्चाने नीट करून दिला. पोलिसांकडेही स्वतःच गेले. तिथल्या माणसाने तक्रार लिहून घेताना दोनदा विचारलं म्हणे, काका, नक्की तुम्हीच का?

पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्ही तिघं घरी परत आलो. फाटकाशी यांनी खिशातून चावी काढली आणि पडदेवालीच्या हातावर ठेवली.

"घेऊन जा," म्हणाले. "पैशाचं मागाहून बघू."

मी हे ऐकलं आणि माझा कानांवर विश्वास बसेना. नाव, गाव, ओळखपत्र, बँक काही न बघता हे चावी देत होते. पडदेवालीने हात मागे घेतला, विंचू दिसावा तसा.

"असं कसं काका?" ती म्हणाली. "आधी पैसे खात्यात जमा होऊ देत. ते तुम्ही स्वतः बँकेत जाऊन बघा, नुसत्या मेसेजवर जाऊ नका. मग दोघांनी आरटीओच्या ऑफिसात जाऊन गाडीच्या कागदांवर नाव बदलू, मग चावी. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाला असं एकदम देऊन टाकू नये. फसवतात लोक."

यांनी चावी माझ्या हातात दिली. नाव बदलून होईपर्यंत चावी माझ्या पर्समध्ये राहिली आणि गाडी जागची हलली नाही. बॅटरी उतरली. पडदेवालीने ढकलस्टार्ट करून नेली, तक्रार केली नाही. पोच्याबद्दल हे काही रक्कम कमी करायला निघाले होते, तीही तिने घेतली नाही. म्हणाली, किंमत तुम्ही पोचा धरूनच सांगितली होती ना? हे म्हणाले, तेव्हा पोचा नव्हता. ती म्हणाली, पण तुम्ही तर सांगितला होतात. शेवटी यांना हात टेकावे लागले. सगळ्या फोनवाल्यांना ज्या सापळ्यात यांनी अडकवलं, त्यात ही बाई शिरून सुखरूप बाहेर पडली होती, आणि आत राहिले होते हे.

तिने पोचा अजून काढलेला नाही. पडदे बसवायला आमच्याकडे आली होती तेव्हा म्हणाली, गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगते की मालक मोठे सज्जन होते, त्यांनी पोचा आधी कळवला आणि मग पाडला. यांना हसू आलं, मनापासून. मी ते हसू नीट बघून घेतलं, कारण ते समोरच्याला पाडल्याचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी होती. रिक्षाने गेलो. हे आत त्या वाडग्यासमोर बसले आणि मी बाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे ऐकू येत होतं. यंत्राचा आवाज व्हायचा, त्यावर बटणाची टिचकी. मग आवाज, टिचकी. मग आवाज, आणि काही नाही. पुन्हा आवाज, काही नाही. पुन्हा काही नाही. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दाबतील. पण यांनी दाबलं नाही.

डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की डावीकडचं आणखी थोडं गेलंय, थेंब वाढवायला हवेत. यांनी मधेच विचारलं की दिवा नसताना किती वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाले, एकदाही नाही. हे तेवढ्यावर खूश झाले. मला हसावं की रडावं कळेना.

बाहेर आलो तर समोरून रिक्षा मिळत नव्हती, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं. हे फुटपाथच्या कडेला थांबले. मी सवयीने यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले, आणि काही सांगणार एवढ्यात यांनीच विचारलं.

"डावीकडून काही येतंय का गं?"

मी बघितलं. "नाही," म्हणाले.

आणि आमच्या यांनी मान न वळवता, पुन्हा न विचारता, पाऊल टाकलं.